तुमचं वाढव, माझं वाढव

“दिवा वाढव गं मंदा. आणि फुंकर नाही मारायची, फुलानं वाढव.”

हा माझ्या आईचा आवाज. ती जाऊन किती वर्षं झाली, तरी समईपाशी वाकले की आधी तो कानात येतो आणि मग माझा हात फुलाकडे जातो. त्या शनिवारी संध्याकाळी मात्र हात मोकळे नव्हते. एका हातात पाण्याचा गडू, दुसऱ्या हातात फुलांची परडी. आरतीच्या आधी देवळात माझ्या संध्याकाळच्या प्रदक्षिणा व्हायला हव्या होत्या. बाहेर वारा सुटला होता आणि देवघराच्या खिडकीचा पडदा सारखा समईच्या अंगावर येत होता. दिवेलागणीला लावलेला दिवा लगेच वाढवायचा नसतो, म्हणून चपला सरकवता सरकवता मी मधल्या खोलीत डोकावले.

“अंबिली, वारा फार आहे गं. थोड्या वेळानं दिवा वाढव हं.”

“हो आई.”

“विसरशील. तुझं सगळं लक्ष तिकडं.”

“नाही विसरणार. वाढवते.” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. तिच्या समोरच्या स्क्रीनवर राखाडी दाणे भुरभुरत होते, चाळणीतून रांगोळी पाडावी तसे.

मी फाटकाची कडी लावली आणि घाटाच्या वाटेला लागले.

अंबिली माझी सून. केरळातल्या पालघाटकडची. माझा हृषीकेश बोटीवर इंजिनीअर. पुण्यात दोघांची ओळख झाली, लग्न झालं, आणि वर्षाच्या आत हा बोटीवर गेला. मग एक दिवस तिचाच फोन आला. “आई, मी नोकरी सोडली. मला चित्र करायची आहेत. शांत घर पाहिजे. कऱ्हाडला येऊ?” चित्रं म्हटल्यावर मी मधल्या खोलीतलं कपाट रिकामं केलं, रंगांच्या बाटल्यांना जागा हवी म्हणून. ती उतरली ती ट्रंकेएवढा कॉम्प्युटर घेऊन. रंगाची एक बाटली नव्हती.

आमच्यात भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. भांडायलाही दोघींची एक भाषा लागते. तिचं मराठी पुस्तकातून शिकलेलं, आणि मी मुळात कमी बोलणारी. पहाटेची आंघोळ, जप, पोथी, गुरुवारचा उपास, घाटावरच्या दत्ताच्या देवळात औदुंबराला पहाटे आणि संध्याकाळी प्रदक्षिणा, असं माझं ठरलेलं चालायचं. ती तिच्या खोलीत. बाहेर निघताना “आई, मी जाते” म्हणायची आणि मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायचे. एकदा म्हटलं, “येते म्हणावं गं.” तर अगदी साधेपणानं म्हणाली, “पण मी जाते आहे ना?”

शेजारच्या इंदूवहिनींना मात्र बोलल्याशिवाय करमायचं नाही.

“काय हो मंदावहिनी, तुमची आंबील काय म्हणते?”

“अंबिली. त्यांच्याकडे चंद्राला म्हणतात.”

“असेल बाई. पण चंद्र दिवसभर खोलीत बसून करतो काय?”

ते मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून एकदा चहा घेऊन गेले आणि तशीच उभी राहिले.

“रंग कुठायत गं?”

“रंग नाही आई. मी लिहिते.” तिनं स्क्रीनवरच्या ओळी दाखवल्या. “इथे काच आहे, असं लिहिलं. अशी घडी पडलेली काच, साडीसारखी. आणि इथे दिवा आहे, असं लिहिलं. मग उजेड निघतो. काचेवर आपटतो, वळतो, परत आपटतो, आणि कुठेतरी पडतो. पडला की एक दाणा. खूप दाणे पडले की चित्र.”

“कुठं पडतो?”

“ते मला पण माहीत नाही. मी फक्त दिवा आणि काच लिहिते. पुढचं उजेड करतो.”

“आणि हे चित्र कशाचं म्हणायचं?”

“कशाचंच नाही.” मग म्हणाली, “उजेडाचं.”

कळलं फारसं नाही. पण त्या दिवसानंतर मी जपाला बसले की भिंतीपलीकडून तिच्या बोटांची टकटक ऐकू यायची आणि वाटायचं, पलीकडेही कुणीतरी माळ ओढतंय.

सगळं लिहून झालं की मशीन दाणे जमवून चित्र तयार करायला घ्यायचं आणि ती म्हणायची, “रेंडरला लावलंय, आता हात लावायचा नाही.” मला ते कितीतरी दिवस ‘रांधायला लावलंय’ असंच ऐकू यायचं. मीही जाता-येता विचारायचे, “झालं का रांधून?” तिला वाटायचं कऱ्हाडकडं असंच म्हणतात. “शिजतंय आई,” ती म्हणायची. खरं काय ते कळल्यावरसुद्धा आम्ही तो शब्द सोडला नाही. आमच्या दोघींमधला तो पहिला शब्द.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी जेवताना तिनं मला सांगितलं. मुंबईत एका कलादालनात अंधाऱ्या खोलीत, मोठ्या भिंतींवर, नव्या लोकांची अशी चित्रं लावणार होते. तिनं आधी पाठवलेलं चित्र त्यांनी परत केलं होतं, अंधार फार आहे म्हणून. सोमवारपर्यंत दुसरं पाठव, बघून ठरवू, असं म्हणाले होते. आणि सोमवारीच बंगळूरच्या एका कंपनीला नोकरीचं हो की नाही कळवायचं होतं.

“सोमवारपर्यंत चित्र झालं नाही तर मी बंगळूरला जाणार आई. आणि मग हे बंद.”

“बंद म्हणजे?”

“बंद. कॉम्प्युटर पण देऊन टाकीन. मला अर्धं अर्धं नाही जमत.”

“आणि होत का नाहीये?”

“माहीत नाही. मी खूप दिवे लावले. अंधार सगळा गेला. पण चित्र मेला.”

“मेलं,” मी सवयीनं म्हणाले, आणि दचकून जीभ चावली. जेवणाच्या ताटावर कसला शब्द काढला मी. तिच्या पानात अजून थोडं दही वाढलं.

शनिवारी देवळात प्रदक्षिणा घालताना माझ्या मनात तिचंच होतं. औदुंबरापाशी लावलेल्या पणत्यांना मला मोठमोठी खळी दिसत होती, पावसाळ्यात चंद्राला पडतात तशी. त्या खळ्यांत पार कुठं संपतो ते कळलं नाही आणि पाऊल जरा चुकलं. इंदूवहिनींनी दंड धरला.

“डोळ्याचं कधी करताय हो? डॉक्टर म्हणाले ना पिकलाय म्हणून?”

“करायचंय.”

“हे तुम्ही उन्हाळ्यापासून म्हणताय. तुमचा देव काही डोळस बाई नको म्हणत नसेल.”

मी हसले. मोतीबिंदूचं करायचं म्हणजे कितीतरी दिवस वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून पहाटेच्या प्रदक्षिणेत खंड पडला नव्हता. हृषीकेश प्रत्येक बंदरातून फोन करून ओरडायचा. मी म्हणायचे, बघू.

घरी पोचले तर फाटकापासूनच काजळीचा वास. देवघराची खिडकी लालपिवळी झालेली. माझ्या हातातली परडी पडली. चपला कुठं काढल्या तेही आठवत नाही, धावतच आत गेले.

समईच्या सगळ्या वाती लागलेल्या. एकेक वात बोटासारखी जाड, तेल काठोकाठ, ज्योती हातभर वर. छताजवळची भिंत धुरकटलेली. पडदा काढून, नीट घडी करून कोपऱ्यात ठेवलेला. आणि माझी सून माझ्याच पाटावर, देवाकडे न बघता, बाजूच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली.

“अगं, हे काय?”

“वाढवला आई.” वळून पाहिलं तिनं. चेहरा नुसता फुलला होता.

“अगं मी दिवा वाढवायला सांगितला होता!”

“हो, म्हणून तर वाढवला! वारा होता ना, मग जाईल म्हणून सगळ्या वाती लावल्या. जाड केल्या. तेल पण भरपूर. पडदा काढला, पेटायला नको. अजून वाढवू?”

“नको!”

माझा आवाज इतका मोठा मी स्वतःच क्वचित ऐकलाय. ती उठून उभी राहिली.

“माझं चुकला का?”

“अगं, वाढव म्हणजे...” मी पदरानं घाम पुसला. “वाढव म्हणजे वाढवायचा नसतो.”

“मग?”

“म्हणजे तो... आता कसं सांगू तुला?”

जो शब्द हवा होता तो देवासमोर माझ्या तोंडून येणं शक्य नव्हतं. देवासमोर काय, एरवीही कधी काढलेला नाही. आईनं काढू दिला नाही.

“लहान करायचा?”

“त्याहून.”

“अजून लहान?”

“अगदीच.”

“आई, त्याच्याहून लहान म्हणजे तो मग वि—”

“बोलू नकोस!” मी तिच्या तोंडावर हातच ठेवला. तिच्या गालाला तेल लागलं होतं, माझ्या तळव्याला काजळी. ती हाताखालून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग मलाही आवरेना. समईसमोर आम्ही दोघी पोट धरून खाली बसलो.

“म्हणजे ऑफ करायचा होता,” ती डोळे पुसत म्हणाली.

“हो, ते तुझ्या भाषेत चालेल.”

“मग वाढव का म्हणता?”

“संपलं असं म्हणायचं नसतं म्हणून. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं. नारळसुद्धा फोडत नाही, वाढवतो. आणि जाताना...”

“येते म्हणायचं.” ती हसायची थांबली. “त्याच्यासाठी तुम्ही सांगत होता. मला वाटलं माझं व्याकरण चुकतं.”

“व्याकरण तुझं बरोबरच होतं गं.”

“आणि खरंच वाढवायचं असेल तर?”

“मोठा कर म्हणायचं.”

तिनं ते मनात दोनदा घोळवलेलं मला दिसलं. ओठ हलत होते. मग म्हणाली, “आमच्याकडे पण दिव्याला फुंकत नाहीत. संध्याकाळी घरातली मुलगी दिवा घेऊन ओसरीवर येते, ‘दीपम्, दीपम्’ म्हणत. लहानपणी मी यायची.” ती पहिल्यांदाच तिच्या घरचं मला काही सांगत होती. “पण आई, बरं झालं चुकले. इकडे बघा.”

ती बाजूच्या भिंतीकडे बोट दाखवत होती. देवाच्या फळीवर ह्यांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी असतं. तांब्याचा गडू वाटेत गळायला लागला म्हणून ह्यांनी ते सरबताच्या एका कंगोरेदार काचेच्या बाटलीत भरून, लाख लावून आणलं होतं. ह्यांच्या माघारी मी ती बाटली पुसते तेवढीच, हलवत नाही. समईचा उजेड त्या बाटलीतून पलीकडच्या भिंतीवर पडला होता.

“जाळी आहे आई. सोन्याची. बघा, हलते. पाणी आत हलत नाही, ज्योत हलते म्हणून जाळी हलते. आणि इथे, कडेला, जांभळा.”

मला भिंतीवर एक पिवळा डाग दिसत होता. “हो का,” म्हटलं.

“ही रोज इथेच असणार. दिवा बारीक असतो म्हणून कुणाला दिसत नाही.” ती भिंतीला नाक लावून उभी राहिली. मग सावकाश वळली. “माझ्या चित्रात पण असणार. ते लोक अंधार म्हणाले आणि मी घाबरले. इकडून दिवा, तिकडून दिवा. त्या दिव्यांनी एकमेकांचं सगळं पुसून टाकलं.”

“लग्नाच्या हॉलसारखं झालं असेल.”

“अगदी तसंच झालंय, आई.”

ती खोलीत गेली. मी परडीतली उरलेली फुलं घेतली आणि एकेक वात वाढवली. एक तेवढी ठेवली. त्या रात्री भिंत पुसायला घेतली नाही.

रविवारी माझी पूजा आटोपायची वाट बघत ती दारात उभी होती.

“आई, माझ्याजवळ बसा. मला एकटीला नाही जमत.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं नाही. बोलायचं फक्त. हे सगळे दिवे मी लिहिलेत. एकेकाला खूप दिवस लागलेत. मला ते काढवत नाहीत. हात जातो आणि परत येतो. तुम्ही सांगा.”

म्हणून मी तिच्या शेजारी खुर्चीवर बसले, सोवळ्यातच.

“हा डावीकडचा निळा,” ती म्हणाली.

“वाढव.”

तिचा हात कीबोर्डवर थांबला. “कुठलं वाढव? तुमचं का माझं?”

“माझं.”

तिनं टकटक केलं. स्क्रीनवरचा निळा गेला.

“हा वरचा पांढरा? याच्यामुळे घडी दिसते.”

“वाढव.”

“तुमचं?”

“माझं.”

असे कितीतरी. कोपऱ्यातला, मागचा, काचेच्या आतला. एकाशी ती अडली. “आई, हा राहू दे ना. हा हृषीच्या वाढदिवसाला केला होता. चित्र फसलं, पण दिवा छान झाला होता.”

मला माझ्या फळीवरची बाटली आठवली. मग म्हटलं, “दुसऱ्या चित्रात लाव गं. वाढवलेला दिवा परत लावता येतो.”

तिनं डोळे मिटूनच तो काढला.

शेवटी स्क्रीन जवळजवळ काळा झाला. एका कडेला मंद, तांबूससं काही होतं. तेवढा एकच उरला होता, तिनं सगळ्यात आधी लिहिलेला. मला तो दिसत होता म्हणण्यापेक्षा तिकडं उजेड आहे एवढं जाणवत होतं.

“आता?” तिनं विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

“आता तुझं.”

“काय?”

“आता तुझं वाढव. होईल तेवढा मोठा कर.”

ती माझ्याकडे बघून हसली नाही. स्क्रीनकडे वळली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मग हात मांडीवर ठेवून म्हणाली, “रांधायला लावलं.”

मशीनचा पंखा घुमायला लागला. आम्ही जेवलो, भांडी घासली, तिनं शिडी लावून देवघराची भिंत पुसली. काजळी गेली, पण डाग राहिला. मी माळ घेऊन बसले. ती माझ्याच बाजूला, भिंतीला टेकून, हातात काही न घेता बसून राहिली. मधेच उठून बघून यायची. “दाणे आहेत अजून,” म्हणायची. मग, “कमी झाले.” मग परत आली आणि बसली. मी माळ ओढत राहिले.

दिवेलागणीला मी समई लावत होते, तेव्हा पंखा थांबल्याचं कानाला कळलं. मी दारात गेले. ती खुर्चीत पाय वर घेऊन, गुडघ्यांवर हनुवटी ठेवून बसली होती, आणि गाल ओले होते.

“शिजलं का गं?”

तिनं मान डोलावली आणि उठून मला खुर्ची दिली. “बघा आई. काच दिसत नाही, दिवा दिसत नाही. फक्त ते बघा.”

मी बघितलं. काळ्यात एक उजळ गोळा, त्याभोवती खळं, आणि खळ्याला केसर फुटल्यासारखं काहीतरी. डावा डोळा मिटून बघितलं, उजवा मिटून बघितलं. पुढं सरकले, मागं सरकले.

“कसं झालंय?”

छान म्हणायला काय जात होतं? पण खोटं बोलायचं नाही हाही माझा नेमच आहे, आणि तो सगळ्यात जुना.

“मला दिसत नाही गं, अंबिली.”

“नीट नाही झालं?”

“तसं नाही. मला दिसत नाही. डोळ्यांना. काल भिंतीवरचंही दिसलं नव्हतं. उजेड कळतो, त्यातलं काही कळत नाही.”

ती माझ्यासमोर खाली जमिनीवर बसली. दोन्ही हातांनी माझा चेहरा धरून डोळ्यांत बघितलं, मूल बघतं तसं.

“किती दिवस?”

“सरकत सरकत आलंय. डॉक्टर म्हणतात, अजून थांबलात तर मग हातात राहायचं नाही.”

“मग थांबलात का?”

“नेम आहे.”

“मला सांगा. नेम म्हणजे काय काय आहे?”

मी सांगितलं. अंधार असताना उठून आंघोळ, कृष्णेचं पाणी गडूत भरून घेणं, औदुंबराला घालणं, मग प्रदक्षिणा. अनवाणी. जाता-येता बोलायचं नाही. संध्याकाळच्या प्रदक्षिणा हौसेच्या, नेम तो पहाटेचाच. खंड पडला तर काय होतं ते मला ठाऊक नाही, कारण पडलेला नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “नेम तुमचा, पाय माझे. चालेल?”

“तू?”

“मी घरातली आहे ना?”

या प्रश्नाला मी ताबडतोब उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. पण तेव्हा मी म्हटलं, “दत्तमहाराजांना विचारावं लागेल.”

“विचारा. मी बसते इथे.”

आणि ती खरंच बसून राहिली. मी देवघरात गेले, समईपुढं हात जोडले आणि विचारलं. उत्तर असं काही आलं नाही. ज्योत सरळ जळत होती, एवढंच. बाटलीच्या पलीकडं भिंतीवर तिची जाळी असणार, मला न दिसणारी. रोज असतेच, असं ती म्हणाली होती. मी परत आले.

“काय म्हणाले?”

“वाटेत अजिबात बोलता येणार नाही. जमेल?”

“आई, मला मराठी कुठे नीट बोलता येतं?”

मग मला आठवलं. “पण तुझं बंगळूर? त्यांनी चित्र परत केलं तर?”

“केलं तरी तुमचा डोळा होईपर्यंत मी इथेच. मग जाईन.” लगेच जीभ चावून म्हणाली, “मग येईन.”

सोमवारी चित्र गेलं. मंगळवार, बुधवार ती घरभर फिरत राहिली. खोलीत गेली नाही. बंगळूरवाल्यांकडून तिनं आठवडाभराची मुदत मागून घेतली होती. गुरुवारी मी उपासाची भगर टाकत होते तेव्हा फोन वाजला. तिचं इंग्रजी बोलणं मला नीट कळलं नाही, पण बोलणं संपल्यावर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली आणि एकही मराठी शब्द सापडेना म्हणून तिच्या भाषेत मला सगळं सांगायला लागली. भरभर, हात हलवत, मधेच हसत. मी गॅस बारीक केला आणि ऐकत राहिले. मला सगळं कळलं.

“मधल्या भिंतीवर,” शेवटी ती मराठीत आली. “एकटंच. दुसरं चित्र नाही त्या भिंतीवर. आणि नाव विचारलंय. चित्राला नाव पाहिजे.”

“काय सांगितलंस?”

“वाढव.”

“आणि कुणी विचारलं, कुठलं वाढव, सासूचं का सुनेचं?”

“तर म्हणीन, माझ्या सासूला विचारा.”

इंदूवहिनींना कळायला फार वेळ लागला नाही. कुंपणापलीकडून ओरडून म्हणाल्या, “काय गं आंबिली, मुंबई गाजवणार म्हणे!” त्यांनी नाव जवळजवळ बरोबर घेतलं होतं. अंबिलीनं त्यांना वाकून नमस्कार केला, तर कुंपणापलीकडं वहिनी गडबडून गेल्या.

डोळ्याचं दुसऱ्या आठवड्यात झालं. चित्र भिंतीवर चढायच्या आत मला दिसायला हवं, असा तिचा हट्ट होता. आता हे लिहिताना माझ्यासमोर अक्षरं काळी आणि कागद पांढरा आहे. पुढं मी मुंबईला जाऊन त्या भिंतीसमोर उभी राहिले, तेही खरं. पण मला त्याहून जास्त आठवते ती त्याच्या आधीची एक पहाट. तेव्हा मला काहीच दिसत नव्हतं.

आदल्या दिवशी पहाटेचा नेम करूनच दवाखान्यात गेले होते, संध्याकाळी घरी आणलं होतं. डोळ्यावर पट्टी, उताणं झोपायचं, हलायचं नाही. माझी उठायची वेळ झाली तशी जाग आली, अंग अर्धं उठलंसुद्धा. मग आठवलं आणि परत उशीवर डोकं ठेवलं. आज पहिल्यांदा मी जाणार नव्हते.

न्हाणीघरात बादली वाजली. तिनं थंड पाणी घेतलं असावं, कारण मधेच एक ‘हाऽऽ’ ऐकू आलं आणि लगेच गप्प. मग साडीची सळसळ, नऊवार नव्हे, पण साडी. बराच वेळ सळसळ, मग कुठंतरी अडकल्यासारखी, मग पुन्हा. देवघरात काडी ओढल्याचा आवाज आला, पाठोपाठ तेलवातीचा वास. फुलं परडीत टाकल्याचा आवाज काही होत नाही, पण पारिजातकाची फांदी हलवलेली कळते. रिकामा तांब्याचा गडू खुंटीवरून काढताना भिंतीला लागून वाजला.

पावलं माझ्या खोलीच्या दाराशी येऊन थांबली. तिला वाटलं असावं मी झोपलेय. मी हलले नाही. मला तो शब्द ऐकायचा होता.

“आई,” अगदी हळू, जवळजवळ श्वासानंच ती म्हणाली, “येते.”

अनवाणी पावलांचा आवाज होत नाही. थोड्या वेळानं फाटकाची कडी तेवढी वाजली.